सात टर्नस्टाइल, दहा हजार तिकिटं

प्रश्न तीन भागांत आहे. फुटबॉलच्या मैदानांवर इतक्या माणसांचे जीव गेले, तिथे दर वेळी नेमकं काय चुकलं? 1989 च्या हिल्सबरो मैदानावरच्या दुर्घटनेत प्रेक्षकांचा दोष नव्हता, हे ठरायला 27 वर्षं का लागली? आणि इंग्लंडमध्ये उभ्याने सामना पाहायला पुन्हा परवानगी मिळाली आहे, ते सुरक्षित आहे का?

आधी 'चेंगराचेंगरी' हा शब्द बाजूला ठेवू. तो ऐकला की घाबरून पळणारी, एकमेकांना तुडवणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. मैदानांवरचे बरेचसे बळी मात्र उभ्या उभ्या गेले आहेत. श्वास घेताना छाती फुगावी लागते. पुढून कठडा आणि मागून शेकडो माणसांचा रेटा असला की छाती फुगत नाही आणि माणूस काही मिनिटांत गुदमरतो. त्याला तुडवायला कोणी लागत नाही, आणि वीस फुटांवर मागे उभ्या असलेल्यांना पुढे काय चाललंय याचा पत्ताही नसतो. मागचा माणूस फक्त एक पाऊल पुढे सरकलेला असतो.

दर चौरस मीटरला चार माणसं असतील तर हालचाल करता येते. सहा-सात झाली की अंगाला अंग लागतं, हात वर घेता येत नाहीत आणि गर्दी पाण्यासारखी वागू लागते: एका टोकाला बसलेला धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकापर्यंत जातो. तुम्ही कितीही शहाणे आणि सज्जन असलात तरी त्या लाटेपुढे तुमचं काही चालत नाही. म्हणून 'लोकांनी संयम ठेवायला हवा होता' हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. ते म्हणताना आपण गणित सोडून स्वभावाकडे वळतो.

गणित साधं आहे. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेची जी मार्गदर्शिका 'ग्रीन गाइड' म्हणून ओळखली जाते, ती एका स्टँडसाठी चार वेगळे आकडे काढायला सांगते: आत किती माणसं मावतात, ठरलेल्या वेळेत किती आत येऊ शकतात, सामना संपल्यावर किती बाहेर पडू शकतात आणि आणीबाणीत किती बाहेर पडू शकतात. चारांपैकी सर्वांत लहान आकडा ही त्या स्टँडची क्षमता. उरलेले तीन कितीही मोठे असले तरी उपयोग नाही.

उभ्याचा एक स्टँड घेऊ, 30 मीटर रुंद आणि 12 मीटर खोल. यातून वाटा आणि कठड्यांच्या आडोशामुळे न वापरता येणारी जागा वजा करायची असते. सोयीसाठी इथे पूर्ण 360 चौरस मीटर धरू. उभ्याने पाहण्यासाठी कमाल मर्यादा 10 चौरस मीटरला 47 माणसं, म्हणजे 1,692. पण ही मर्यादा उत्तम स्थितीतल्या स्टँडची. बांधकामाची अवस्था आणि व्यवस्थापनाचा दर्जा यांना 0 ते 1 असे गुणांक द्यायचे आणि त्यातला कमी असेल त्याने गुणायचं. बांधकामाला 0.8 आणि व्यवस्थापनाला 0.7 दिले, तर आकडा 1,184 वर येतो.

आता दारं. टर्नस्टाइल म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं फिरतं दार. एका टर्नस्टाइलमधून तासाला जास्तीत जास्त 660 माणसं धरतात. दोन टर्नस्टाइल असतील तर तासात 1,320. बाहेर पडायला 2.4 मीटर रुंदीचा एकच जिना आहे. जिन्यावरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला 66 माणसं उतरतात, म्हणजे इथे मिनिटाला 158. सामना संपल्यावर आठ मिनिटांत स्टँड मोकळा व्हावा असा नियम आहे. आठ मिनिटांत 1,267 जण उतरतील. इथपर्यंत सगळं ठीक दिसतं. पण स्टँड लाकडी असेल, आगीचा धोका मोठा असेल, तर आणीबाणीत अडीच मिनिटंच मिळतात. अडीच गुणिले 158 म्हणजे 396. या स्टँडची खरी क्षमता 396 आहे, जरी 1,184 माणसं आरामात उभी राहताना दिसत असली तरी. जिना रुंद करा, दुसरा बांधा किंवा कमी तिकिटं विका. चौथा मार्ग नाही.

हे गणित हाताशी असलं की इतिहास वेगळा दिसू लागतो.

15 एप्रिल 1989, शेफील्डचं हिल्सबरो मैदान. एफए कपची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या सुमारे 24,000 प्रेक्षकांना लेपिंग्ज लेनच्या बाजूच्या 23 टर्नस्टाइल दिल्या होत्या. त्यातल्या उभ्याच्या स्टँडची 10,100 तिकिटं होती आणि त्यांच्यासाठी ए ते जी अशा फक्त सात टर्नस्टाइल. त्या काळी एका टर्नस्टाइलला तासाला 750 माणसं धरत. सात गुणिले 750 म्हणजे 5,250. कोणीही न अडखळता, एकही तिकीट न अडकता सगळे आत यायला जवळपास दोन तास हवेत. सामना तीनला होता. अडीच वाजेपर्यंत या सात टर्नस्टाइलमधून 4,383 माणसं आत आली होती. उरलेल्या 5,700 जणांना अर्ध्या तासात आत घेणं कोणत्याही हिशेबाने शक्य नव्हतं. हा हिशेब सामन्याच्या आदल्या महिन्यात कागदावर मांडता आला असता.

बाहेरची गर्दी जीवघेणी होऊ लागली. दोन उपाय होते. सामना उशिरा सुरू करणं हा पहिला. 1987 मध्ये याच मैदानावर कोव्हेंट्री आणि लीड्सचा उपांत्य सामना 15 मिनिटं पुढे ढकलला होता. दुसरा म्हणजे बाहेर पडण्याचं मोठं दार उघडून गर्दी आत घेणं. 2 वाजून 52 मिनिटांनी पोलिसांनी गेट सी उघडलं आणि 2,000 हून अधिक माणसं आत आली. गेट उघडणं एका अर्थी गरजेचं झालं होतं. घातक चूक त्यानंतरची: गेटसमोरच एक बोगदा होता, त्याचा उतार सहाला एक, आणि तो थेट गोलमागच्या, जाळ्यांनी पाडलेल्या तीन आणि चार क्रमांकाच्या कप्प्यांत उघडत होता. ते कप्पे आधीच भरले होते. बोगद्याच्या तोंडाशी चार माणसं उभी करून लोकांना डावी-उजवीकडे वळवलं असतं तर बाजूच्या कप्प्यांत जागा होती. कोणीच वळवलं नाही.

या दोन कप्प्यांची परवान्यातली क्षमता 2,200 होती. नंतरच्या तपासणीत ती सुमारे 1,700 च असायला हवी होती असं निघालं, कारण कठड्यांची आणि दारांची मापं नियमात बसत नव्हती. सामना सुरू झाला तेव्हा आत 3,000 हून जास्त माणसं होती असा अंदाज आहे. टर्नस्टाइलवरचे मोजणी-यंत्र पूर्ण स्टँडचा आकडा दाखवत होते, कप्प्यांचा वेगळा आकडा कोणाकडेच नव्हता. पूर्ण स्टँड 'भरलेला नाही' असं यंत्र सांगत असताना मधले दोन कप्पे दुपटीकडे गेले होते. मोजणी कुठे करता, यावर सगळं अवलंबून असतं. हा धडा मी नियोजनाच्या कोणत्याही कागदात सगळ्यात वर ठेवेन.

तिसऱ्या कप्प्यातला 124ए क्रमांकाचा जुना, गंजलेला कठडा मोडला आणि त्यावर रेललेली माणसं एकमेकांवर पडली. समोर उंच जाळी. जाळीतलं दार मीटरभरही रुंद नव्हतं आणि वरिष्ठांच्या परवानगीशिवाय ते उघडायचं नाही असा आदेश होता. सामना 3 वाजून 6 मिनिटांनी थांबला. बळींची संख्या अखेर 97 झाली. शेवटचा बळी 2021 मध्ये, त्या दिवशीच्या दुखापतींमुळेच गेला.

याची सूचना आधी मिळाली नव्हती का? मिळाली होती. 1981 च्या उपांत्य सामन्यात याच लेपिंग्ज लेनवर रेटारेटी होऊन 38 जण जखमी झाले होते. त्यानंतर स्टँडमध्ये उभ्या जाळ्या घालून कप्पे पाडले गेले, पण 1979 च्या परवान्यातला आकडा नव्याने काढला गेला नाही. जागेची रचना बदलली की चारही आकडे पुन्हा काढायचे, हा नियम इथे मोडला.

मागे जाल तसं हेच दिसतं. 1902 मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यात लाकडी स्टँडच्या तुळया मोडल्या, 25 माणसं गेली. 9 मार्च 1946 ला बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर बोल्टन विरुद्ध स्टोक सिटी सामन्यात गर्दीने कठडे मोडले आणि 33 जण गेले. मृतदेह मैदानाच्या कडेला ठेवून, रेषा भुशाने पुन्हा आखून सामना पूर्ण खेळवला गेला. चौकशी अहवालाने सांगितलं की प्रत्येक भागाची क्षमता शास्त्रीय पद्धतीने ठरवा, आत येणाऱ्यांची यंत्राने मोजणी करा, मैदानांना परवाना लावा. या शिफारशी कायद्यात यायला 1975 उजाडलं.

मधल्या काळात पुन्हा आयब्रॉक्स. 2 जानेवारी 1971, रेंजर्स-सेल्टिक सामना 1-1 असा संपत होता. जिना क्रमांक 13 वरून बाहेर पडताना 66 जण गेले. बरीच वर्षं सांगितलं गेलं की शेवटच्या मिनिटाच्या गोलचा आवाज ऐकून खाली गेलेले लोक परत वर धावले आणि दोन लोंढे आदळले. चौकशीत ते खोटं ठरलं: सगळे एकाच दिशेने, खाली उतरत होते. कोणीतरी अडखळलं, मागच्यांना ते दिसलं नाही आणि वरून येणारा लोंढा थांबला नाही. याच जिन्यावर 1961 मध्ये दोघे गेले होते, 1967 आणि 1969 मध्ये माणसं जखमी झाली होती.

जिन्याचा दोष नीट समजून घ्यायला हवा, कारण तो आजही नवीन बांधकामात सापडतो. सपाट वाटेवर दर मीटर रुंदीमागे मिनिटाला 82 माणसं जातात, जिन्यावर 66. म्हणजे जिन्याइतकीच रुंद वाट त्याच्या माथ्यावर आणून सोडली तर जिना उतरवू शकेल त्यापेक्षा जास्त माणसं वर जमा होतात आणि रेटा उतारावर तयार होतो. अरुंद जागा सपाटीवर, जिन्याच्या आधी असायला हवी. तिथे थांबलेला माणूस निदान पडत नाही. लांबलचक सरळ जिना न करता मध्ये सपाट टप्पे द्यायचे, दिशा बदलायची, मधोमध रेलिंग घालून पट्टे पाडायचे. आयब्रॉक्सच्या दुर्घटनेनंतर रेंजर्सचे विली वॉडेल यांनी डॉर्टमुंडचं मैदान पाहून आपलं मैदान जवळपास नव्याने बांधायला घेतलं आणि 1981 पर्यंत तिन्ही बाजूंना नवे स्टँड उभे राहिले. या विषयातला खरा विजय मला इथे दिसतो.

ब्रॅडफर्डची गोष्ट वेगळी आहे, तिथे प्रश्न आगीचा आणि कुलपांचा होता. 11 मे 1985, व्हॅली परेड मैदान, लिंकन सिटीशी सामना. ब्रॅडफर्ड सिटीला त्या दिवशी तिसऱ्या विभागाचा चषक मिळाला होता. मुख्य स्टँड लाकडी, फळ्यांमधल्या फटींतून वर्षानुवर्षं कचरा खाली पडत होता. नंतर तिथे 1968 चं वर्तमानपत्रही सापडलं. काडी किंवा सिगारेट पडली आणि चार मिनिटांच्या आत संपूर्ण स्टँड पेटला. 56 माणसं गेली. मागच्या बाजूच्या टर्नस्टाइल आणि दारं बंद होती. तिकडे धावलेले अडकले. समोर मैदानाच्या बाजूला जाळी नव्हती म्हणून हजारो जण उड्या मारून वाचले. स्थानिक प्रशासनाने वर्षभर आधी पत्र लिहून याच कचऱ्याचा धोका कळवला होता. नवं छत घालायचं काम दोन दिवसांनी सुरू होणार होतं.

त्या आगीत भाजलेल्यांवर उपचार करताना डेव्हिड शार्प या प्लास्टिक सर्जननी हात उंच धरून ठेवणारी एक झोळी वापरली. ती 'ब्रॅडफर्ड स्लिंग' म्हणून आजही वापरात आहे.

अठरा दिवसांनी, 29 मे ला, ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी (लिव्हरपूल विरुद्ध इटलीचा युव्हेंटस) 39 जण गेले, बहुतेक इटालियन. इथे लिव्हरपूलच्या काही समर्थकांनी हल्ला चढवला होता हे खरं आहे, 14 जणांना शिक्षाही झाली. पण ज्या झेड विभागात माणसं गेली तो तटस्थ प्रेक्षकांसाठी राखलेला, तिकिटं युव्हेंटसच्या समर्थकांकडे गेलेली आणि दोन्ही गटांमध्ये तकलादू जाळी. माणसं भिंतीकडे दाबली गेली आणि 1930 च्या मैदानातली ती भिंत कोसळली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दुर्दैवाने इंग्लंडमध्ये यातून फक्त पहिली लक्षात राहिली, आणि प्रेक्षक हा सांभाळायचा माणूस न राहता आवरायचा धोका झाला. हिल्सबरोला नियंत्रण कक्षात बसलेल्यांना लोक जाळीवर चढताना दिसले तेव्हा त्यांना मैदानावर घुसखोरी होतेय असं वाटलं. लोक जीव वाचवायला चढत होते.

अश्रुधुराबद्दल थोडक्यात. लिमा, 24 मे 1964: पेरूचा गोल नाकारल्यावर गोंधळ, अश्रुधूर, जिन्यांच्या तळाशी बंद शटर, मृतांचा अधिकृत आकडा 328. अक्रा (घाना), 9 मे 2001: 126. मलंग (इंडोनेशिया), 1 ऑक्टोबर 2022: 135. स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला की सगळे एकाच क्षणी दाराकडे जातात, म्हणजे आठ मिनिटांत बाहेर पडायची गर्दी एका मिनिटात दाराशी येते. कोणताही जिना त्यासाठी बांधलेला नसतो. फिफाच्या सुरक्षा नियमांत मैदानावर अश्रुधुराला मनाई आहे.

आता 27 वर्षांचा प्रश्न. खरं तर मूळ उत्तर चार महिन्यांतच मिळालं होतं. दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांच्या ऑगस्ट 1989 च्या अंतरिम अहवालाने पोलिसांचं नियंत्रण फसल्याचं मुख्य कारण सांगितलं. पण त्याआधीच खोटं पसरलं होतं. त्या दिवशीचे पोलीस प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांनी दुर्घटना चालू असतानाच सांगितलं की समर्थकांनी गेट तोडलं. ते गेट त्यांच्याच आदेशाने उघडलं होतं. हे खोटं होतं अशी कबुली त्यांनी 2015 मध्ये साक्षीत दिली. चार दिवसांनी 'द सन' या वृत्तपत्राने समर्थकांवर अत्यंत हीन आरोप पहिल्या पानावर छापले.

1991 च्या मृत्यूचौकशीत 3 वाजून 15 मिनिटांनंतरचे पुरावे विचारातच घेतले नाहीत, त्या वेळेपर्यंत सगळ्यांचं भवितव्य ठरलं होतं असं धरून. निकाल 'अपघाती मृत्यू'. कुटुंबांनी तो कधीच मानला नाही. सप्टेंबर 2012 मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रं उघडली तेव्हा कळलं की पोलिसांचे 164 जबाब बदलले होते आणि त्यातल्या 116 मधून पोलिसांवरची टीका काढली किंवा सौम्य केली होती. वेळेवर उपचार मिळते तर 41 जण वाचण्याची शक्यता होती. जुने निकाल रद्द झाले, वॉरिंग्टनला नवी चौकशी दोन वर्षं चालली आणि 26 एप्रिल 2016 ला ज्यूरीने 'बेकायदा मृत्यू' ठरवून समर्थकांना पूर्ण दोषमुक्त केलं.

शिक्षा मात्र जवळपास कोणालाच झाली नाही. डकनफील्ड 2019 मध्ये निर्दोष सुटले. टर्नस्टाइलच्या नियोजनाबद्दल हिल्सबरोच्या यजमान क्लबच्या तत्कालीन सचिवाला 6,500 पौंड दंड झाला. जबाब बदलल्याचा खटला 2021 मध्ये कोसळला, कारण टेलर चौकशी तांत्रिकदृष्ट्या न्यायालयीन कार्यवाही नव्हती. त्या कुटुंबांनी आयुष्याची अडीच दशकं लढून सत्य नोंदवून घेतलं, ही फुटबॉलमधल्या कोणत्याही चषकापेक्षा मोठी गोष्ट आहे.

आणि तरीही 28 मे 2022 ला पॅरिसमध्ये, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला, लिव्हरपूलचे समर्थक अरुंद वाटेत अडकले, त्यांच्यावर अश्रुधूर सोडला गेला आणि फ्रेंच मंत्र्यांनी हजारो बनावट तिकिटांना दोष दिला. यूएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेनेच नेमलेल्या समितीने 2023 मध्ये तो दावा फेटाळला आणि मुख्य जबाबदारी यूएफाची ठरवली.

प्रेक्षक म्हणून तुमच्या हातात थोडंच असतं, पण ते माहीत असावं. आसपासच्यांचा अंगाला स्पर्श होऊ लागला आणि हात सहज वर घेता येईना झाले की तिथून निघायची वेळ झाली. त्यानंतर उशीर होतो. हात छातीसमोर मुठी आवळून ठेवा म्हणजे बरगड्यांपुढे जागा राहते. लाटेविरुद्ध ढकलू नका, लाट ओसरली की तिरपं, कडेकडे सरका. भिंत आणि कठडा टाळा. काहीही पडलं तरी वाकू नका.

शेवटचा भाग, उभ्याने पाहणं. टेलर यांच्या 1990 च्या अंतिम अहवालानंतर इंग्लंडच्या वरच्या दोन विभागांत सगळी आसनं सक्तीची झाली आणि मैदानासमोरच्या जाळ्या निघाल्या. आत्ता परत आलेली पद्धत जुन्या टेरेसची, म्हणजे आसनांशिवाय उभ्याने पाहायच्या पायऱ्यांची नाही. प्रत्येक रांगेत घडीचं आसन आणि कमरेच्या उंचीचा मजबूत लोखंडी दांडा असतो. ग्लासगोत सेल्टिकने 2016 मध्ये सुरू केली, इंग्लंडमध्ये 2022 च्या जानेवारीत चाचणी आणि पुढच्या हंगामापासून परवाने. एका आसनामागे एकच माणूस, म्हणून घनता तिकिटातच ठरते. मागून धक्का आला तरी पुढच्याच दांड्यावर अडतो, दहा रांगा पुढे साठत नाही. उलट साध्या आसनांच्या स्टँडमध्ये लोक सामनाभर उभे राहतात, तिथे गोल झाल्यावर पुढच्या खुर्चीच्या पाठीवरून कोलमडण्याचा धोका जास्त असतो. या रचनेत बिघडतं ते दोन ठिकाणी: मित्रांच्या रांगेत घुसून एका जागेत दोघे उभे राहतात, आणि पायऱ्यांच्या वाटा भरतात. म्हणून प्रत्येक विभागाच्या तोंडाशी तिकीट पुन्हा तपासणारा माणूस हवा आणि वाट मोकळी ठेवण्याचं काम नावानिशी कोणावर तरी असायला हवं. हे दोन्ही होत असेल तर मी तिथे निर्धास्त उभा राहीन.